बंब येतो आणि दूरच का थांबतो?

वास्कोच्या स्टँडवरच्या एका पायलटाने मध्यंतरी मला विचारले, "भाई, घराला आग लागली तर हे बंबवाले धावत आत शिरतात. मग टँकर उलटला की लांब उभे राहून बघत का बसतात? भितात काय?" गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे पायलट म्हणजे मोटारसायकलवरून भाडे नेणारा. दिवसातून कितीतरी वेळा तो चिखली, दाबोळी, झुआरीनगर या रस्त्याने टँकरच्या मागेपुढे गाडी चालवतो. हा प्रश्न विचारण्याचा हक्क त्याच्याइतका क्वचितच कोणाला असेल.

त्याच्या मनात कोणती रात्र होती तेही कळत होते. १९ जानेवारी २०१८ च्या पहाटे, अंधार असतानाच, मुरगाव बंदराकडून खत कारखान्याकडे अमोनिया घेऊन निघालेला टँकर चिखलीजवळ उलटला आणि वायू गळू लागला. आसपासच्या शेकडो माणसांना झोपेतून उठवून बाहेर काढावे लागले. श्वासाचा त्रास झाल्याने दोन महिलांना इस्पितळात न्यावे लागले. त्या रात्रीचा जमाखर्च मांडण्यासाठी हा लेख नाही. पण पायलटाचा प्रश्न गोव्यात अनेकांच्या मनात आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येकाला ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते. थोडक्यात उत्तर असे: जवान दूर उभे दिसतात तेव्हा त्यांचे काम सुरू झालेले असते, आणि सगळ्यात अवघड निर्णय त्याच दहा मिनिटांत घेतले जातात.

घातक पदार्थ म्हणजे नेमके काय?

गळल्यावर, सांडल्यावर किंवा पेटल्यावर माणसाला, जनावराला, पाण्याला किंवा जमिनीला इजा करणारा कोणताही पदार्थ म्हणजे घातक पदार्थ. अग्निशमन क्षेत्रात त्याला 'हॅझमॅट' म्हणतात. हा शब्द पुन्हा वापरायची गरज पडणार नाही, पण बातमीत दिसला तर अर्थ माहीत असावा.

हे पदार्थ फक्त मोठ्या कारखान्यात असतात असा आपला समज असतो. खरे तर ते आपल्या रोजच्या वाटेवर आहेत. बर्फाच्या फॅक्टरीत आणि मासळी गोठवणाऱ्या कारखान्यात थंडावा आणणारा वायू बहुधा अमोनियाच असतो. नळाचे पाणी निर्जंतुक करायला क्लोरीन लागतो. हॉटेलच्या पोहण्याच्या तलावासाठी आणलेली पावडर आणि आम्ल चुकून एकत्र झाले तर तोच क्लोरीन वायू तिथेच तयार होतो. पेट्रोलपंप, रंगाचे कारखाने, शेतीची औषधे आणि घरातला १४.२ किलोचा सिलिंडर हेही त्याच यादीत येतात. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत जानेवारी २०२३ मध्ये रंगाच्या कारखान्याला लागलेली आग आणि तिचा काळा धूर बार्देशकरांना आठवत असेल. ऑक्टोबर २०१९ मध्ये दोनापावलाजवळ खडकात अडकलेल्या जहाजात नाफ्ता होता, म्हणजे पेट्रोलसारखाच झटकन पेट घेणारा द्रव. एवढ्याशा राज्यात बंदर, विमानतळ, महामार्ग, औद्योगिक वसाहती आणि दाट वस्ती एकमेकांना खेटून आहेत. इथे कारखान्याचे कुंपण आणि घराचे कुंपण यांत कधीकधी फक्त एक रस्ता असतो.

धावत गेले तर काय बिघडते?

घराला लागलेली आग दिसते. ज्वाळा कुठे, धूर कुठे, जिना कुठे, याचा अंदाज डोळ्यांनी घेता येतो. वायू बऱ्याचदा दिसतच नाही. अमोनियाचा पांढरा ढग दिसतो खरा, पण ढग विरला तिथे वायू संपला असे नसते. दिसणाऱ्या कडेच्या पलीकडेही तो असतो.

कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड त्याहून फसवा. ट्रॉलरच्या बंद कप्प्यात मासळी कुजली किंवा सेप्टिक टँक बरेच दिवस बंद राहिला की तो साठतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असतो तेव्हा तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणून माणूस खाली उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. देशभरात सेप्टिक टँकच्या ज्या बातम्या आपण वाचतो त्यांत एकाच घरातली, एकाच गावातली दोन-तीन माणसे एकापाठोपाठ गेलेली असतात. माया होती, हिंमत होती, पण हवा नव्हती.

जवान धावत गेला तर याच साखळीतली पुढची कडी होतो. आणि तो पडला की नुकसान एका माणसापुरते राहत नाही. उरलेले सगळे पथक त्याला काढण्याच्या मागे लागते आणि टँकरकडे बघायला कोणी उरत नाही.

देशात दर वर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. तो दिवस कुठून आला हे फार थोड्यांना माहीत असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या जहाजाला आग लागली. एकाच जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती. जवान शर्थीने पाणी मारत राहिले आणि जहाज फुटले. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. चीनच्या तिआनजिन बंदरात १२ ऑगस्ट २०१५ च्या रात्री रसायनांच्या गोदामाला आग लागली, मग स्फोट झाले. मृत आणि बेपत्ता मिळून १७३ माणसांत निम्म्याहून अधिक अग्निशमन जवान होते. जिथे काय पेटले आहे हे कळायच्या आत माणसे जवळ जातात, तिथे हिंमतच जिवावर उठते. आपला सेवा दिनच अशा दुर्घटनेची आठवण आहे, म्हणून 'लांब का थांबलात' हा प्रश्न जवानांना टोमण्यासारखा विचारताना आपण जरा थबकावे.

किती लांब थांबायचे?

यासाठी जवानांना शिकवली जाणारी एक साधी युक्ती मला फार आवडते. हात पूर्ण लांब करायचा, अंगठा उभा धरायचा आणि एक डोळा मिटून घटनास्थळाकडे बघायचे. अंगठ्याने सगळे दृश्य झाकले गेले तर अंतर ठीक. अंगठ्याच्या बाजूने टँकर दिसतोय, तर आपण फार जवळ आहोत. ही ढोबळ युक्ती आहे, मोजमाप नव्हे. पण ती जवानाइतकीच बाजूच्या दुकानदारालाही वापरता येते.

मोजमापासाठी जगभर वापरली जाणारी मार्गदर्शिका अमोनियासारख्या वायूची गळती असेल तर सुरुवातीलाच सर्व बाजूंनी किमान १०० मीटर मोकळे करायला सांगते. टाकी आगीच्या वेढ्यात असेल तर हेच अंतर १,६०० मीटरपर्यंत, म्हणजे दीड किलोमीटरहून पुढे जाते. चिखलीच्या रस्त्यावर उभे राहून चारी बाजूंना दीड किलोमीटर कल्पनेत मोजून पाहा. किती घरे, किती शाळा त्यात येतात! म्हणूनच पोलीस, पंचायत आणि महसूल खात्याची माणसे पहिल्या क्षणापासून लागतात. हे काम एकट्या बंबाचे नाही.

टँकरच्या अंगावर लिहिलेले असते

दूर उभे राहून जवान सगळ्यात आधी वाचतात. बऱ्याचदा दुर्बिणीतून. मोटार वाहन नियमांनुसार घातक माल नेणाऱ्या टँकरवर दोन्ही बाजूंना आणि मागे एक आपत्कालीन माहिती फलक रंगवलेला असावा लागतो. आपण टँकरच्या मागे अडकलो की कंटाळून जो चौकोन बघत बसतो, तोच हा. त्यावर रसायनाचे नाव, चार आकडी क्रमांक, धोक्याचे चित्र असलेला, पत्त्यांतल्या चौकटसारखा उभा आकार आणि मदतीचे फोन नंबर असतात.

चार आकडी क्रमांक संयुक्त राष्ट्रसंघाने ठरवलेला आहे, त्यामुळे जगात कुठेही तोच. अमोनिया १००५, क्लोरीन १०१७, पेट्रोल १२०३, स्वयंपाकाचा गॅस १०७५. टँकर पंजाबचा असो की केरळचा, चालकाची भाषा कळो न कळो, क्रमांक बोलतो.

त्याच्या वर इंग्रजी अक्षरे आणि आकडा मिळून एक छोटा संकेत असतो. तो म्हणजे पहिल्या काही मिनिटांसाठी दिलेली आज्ञाच. आकडा सांगतो काय मारायचे: १ म्हणजे जाड थेंबांचा फवारा, २ म्हणजे धुक्यासारखा बारीक फवारा, ३ म्हणजे फेस, ४ म्हणजे कोरडी पावडर, पाणी अजिबात नको. मधले अक्षर सांगते अंगावर काय घालायचे आणि सांडलेला माल पाण्याने पातळ करून सोडून द्यायचा की बांध घालून अडवायचा. शेवटी ई असेल तर आसपासची वस्ती हलवण्याचा विचार लगेच करा, असा इशारा.

आता अमोनियाचा संकेत वाचू: २-आर-ई. बारीक फवारा मारा, पूर्ण रसायनरोधक पोशाख घाला, पातळ करता येईल, लोकांना हलवण्याचा विचार करा. पेट्रोलचा ३-वाय-ई: फेस मारा, स्फोट होऊ शकतो, श्वासासाठी स्वतंत्र हवा घ्या, गटारात जाऊ देऊ नका, लोकांना हलवण्याचा विचार करा. तीन खुणांत इतके सगळे! ज्या माणसांनी ही पद्धत बसवली त्यांना मनोमन नमस्कार करावासा वाटतो.

मग अडते कुठे? फलक चिखलाने माखलेला असतो, टँकर नेमका त्याच कुशीवर पडलेला असतो, किंवा ट्रकमध्ये मिसळ माल भरलेला असतो आणि ताडपत्रीवर काहीच लिहिलेले नसते. अशा वेळी चालकाजवळचे कागद आणि खुद्द चालक हाच आधार. घातक माल नेणाऱ्या चालकाला परवान्यासाठी तीन दिवसांचे खास प्रशिक्षण घ्यावे लागते आणि मालाची माहिती देणारे कार्ड गाडीत ठेवावे लागते. म्हणून अपघातानंतर चालकाला मारहाण करून पळवून लावणारा जमाव स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो. आत काय आहे हे सांगू शकणारा माणूसच त्याने हाकलून दिलेला असतो.

वारा कुठून कुठे?

वाचून झाले की दुसरा प्रश्न वाऱ्याचा. बंब नेहमी वाऱ्याच्या पाठीने आणि शक्यतो चढावरून येतो, म्हणजे वारा त्याच्याकडून टँकरकडे जायला हवा. कधीकधी यासाठी मोठा वळसा घ्यावा लागतो आणि लोक म्हणतात, 'बंबाला रस्ता सापडेना.'

गोव्यात हे जरा अधिकच नाजूक. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, तो खारा वारा. रात्री जमीन आधी थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. परीक्षेत दोन गुणांसाठी घोकलेला हा धडा गळतीच्या वेळी कोणते वाडे रिकामे करायचे ते ठरवतो. पहाटे चारला सुरू झालेली गळती सकाळी दहापर्यंत चालली तर वारा मधेच उलटतो. सुरक्षित म्हणून ज्या बाजूला लोक नेले, तीच बाजू ढगाच्या वाटेवर येऊ शकते. मुरगावच्या भूभागाला तर एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला झुआरीचे रुंद मुख. म्हणून एक जवान फक्त वाऱ्यावर लक्ष ठेवून असतो. काठीला बांधलेली चिंधी किंवा बंबावरची पट्टी पुरते.

रात्रीची आणखी एक गोष्ट. उन्हात तापलेली हवा वर चढते आणि वायूला घुसळून विरळ करते. रात्री हवा संथ, थंड, जमिनीला चिकटलेली. विषारी वायू तिच्यात पातळ न होता लांबवर सरपटत जातो. मार्गदर्शिकेत म्हणूनच दिवसाची आणि रात्रीची सुरक्षित अंतरे वेगवेगळ्या रकान्यांत दिलेली असतात आणि रात्रीची बहुधा मोठी असतात.

वाऱ्याचा अंदाज आला की जागेचे तीन पट्टे पाडतात. आतला लाल: पूर्ण पोशाखातले मोजके जवान सोडून कोणी नाही. मधला पिवळा: इथे आत जाणाऱ्यांची तयारी आणि बाहेर येणाऱ्यांची धुलाई. बाहेरचा हिरवा: प्रमुख अधिकारी, रुग्णवाहिका, पोलीस. इस्पितळातले शस्त्रक्रियागृह आठवा. चपला कुठवर, टोपी-गाऊन कुठून, आत कोण, हे ठरलेले असते आणि कितीही मोठा माणूस आला तरी ते बदलत नाही. इथेही तसेच असायला हवे. मंत्री असो, पत्रकार असो, मालक असो, लाल पट्टा सगळ्यांना सारखाच लाल.

एवढे पाणी आहे, मग मारत का नाहीत?

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अमोनियाला पाण्याची जबर ओढ असते. एक लिटर पाणी त्याच्या शेकडो पट आकारमानाचा अमोनिया वायू पिऊन टाकते. त्यामुळे ढगाच्या वाटेत बारीक फवाऱ्याचा पडदा उभा केला की वायू त्यात विरघळतो. पण टाकीतला अमोनिया दाबाखाली द्रव करून ठेवलेला असतो आणि तो मोकळ्या हवेत उणे ३३ अंशांना उकळतो. तो रस्त्यावर द्रवरूपात सांडला असेल आणि त्यावर आपले २८ अंशांचे नळाचे पाणी ओतले, तर तापलेल्या तेलात पाणी पडल्यासारखे होते. भसकन वायू उठतो, आधी होता त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे त्याच बंबातले तेच पाणी ढगावर मारले तर औषध, थारोळ्यावर मारले तर विष. गळणाऱ्या झडपेवरच पाणी मारले तर तिथे बर्फ धरून झडप बंद करणे कठीण होऊन बसते.

क्लोरीनचे पाण्याशी वेगळेच वैर. गळणाऱ्या भोकावर पाणी पडले की आम्ल तयार होते, ते धातू खाते आणि भोक मोठे होते. पेट्रोल पाण्यावर तरंगते, त्यामुळे पाण्याबरोबर आगही गटारातून पुढच्या गल्लीत वाहत जाते. तिथे फेसाची गोधडी घालून हवा तोडावी लागते. आणि आंबे पिकवायला काही लोक चोरून वापरतात त्या कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले तर पेट घेणारा ॲसिटिलीन वायू निघतो.

स्वयंपाकाच्या गॅसचा टँकर हे प्रकरण सगळ्यात धाकाचे. मोठ्या टँकरात सुमारे १८ टन गॅस असतो, म्हणजे घरगुती बाराशेहून अधिक सिलिंडर. हा वायू हवेहून जड असल्याने पाण्यासारखा सखल भागात, चरात, तळघरात उतरतो आणि कुठेतरी ठिणगीची वाट बघतो. जयपूरजवळ २० डिसेंबर २०२४ रोजी अपघातग्रस्त टँकरमधून असाच गॅस पसरला आणि पेटला. महामार्गावरची तीसहून अधिक वाहने जळाली.

गळणारा गॅस पेटलेला असेल तर जवान पुष्कळदा ती ज्वाळा मुद्दाम विझवत नाहीत. बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो. पण गळती बंद न करता ज्वाळा विझवली तर गॅस न जळता साठतो आणि पुढच्या ठिणगीला सगळा एकदम पेटतो. जळत असलेला गॅस निदान कुठे आहे ते दिसते. म्हणून ज्वाळा चालू ठेवून पाणी टाकीवर मारतात, टाकी थंड ठेवायला. तेही नेमके टाकीच्या वरच्या भागावर. का? पेजेचे मडके आठवा. आत पाणी आहे तोवर चुलीवर ठीक असते, आटले की करपते, तडकते. टाकीचा खालचा भाग आतल्या द्रवाने थंड राहतो. वरच्या भागात फक्त वायू, उष्णता शोषायला काही नाही. तिथला पत्रा मऊ पडतो, आतला दाब वाढत असतो आणि टाकी फाटते. फाटताच सगळा द्रव क्षणात उकळून वायू होतो आणि आगीचा गोळा उठतो. आगीत सापडलेल्या टाकीला असे व्हायला कधीकधी पंधरा-वीस मिनिटेही पुरतात. प्रमुख अधिकाऱ्याने 'मागे व्हा, सगळे सोडून मागे व्हा' असा हुकूम दिला तर त्यामागे हे घड्याळ असते.

मास्क आणि सूट असतो ना?

असतो, पण त्यालाही घड्याळ असते. कारखान्यात धूळ अडवायला लावतात तो मास्क इथे निरुपयोगी. जवान पाठीवर दाबाने भरलेल्या हवेचा सिलिंडर नेतात, त्याला ते 'बीए सेट' म्हणतात. ६.८ लिटरच्या सिलिंडरात ३०० बार दाबाने सुमारे दोन हजार लिटर हवा मावते. शांत श्वासाला ती पाऊण तासाच्या वर पुरेल. पण जड झडप फिरवताना, धडधडत्या काळजाने, माणूस दुप्पट हवा ओढतो. शिवाय होडीतल्या डिझेलसारखा हिशेब करावा लागतो: जायला लागणारे, यायला लागणारे आणि अडचणीसाठी राखून ठेवलेले. दाब ठरावीक पातळीखाली आला की शिटी वाजते आणि मग काम अर्धे असले तरी परत फिरायचे.

वायू आत शिरू न देणारा संपूर्ण बंद पोशाख घाम आणि उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. मे महिन्यात गोव्याच्या दमट हवेत रेनकोट घालून, तोंड झाकून जिने चढून पाहा, थोडी कल्पना येईल. आत प्रत्यक्ष काम होते ते पंधरा-वीस मिनिटे. म्हणून जोडीने जायचे, आणि तितकीच माणसे पूर्ण पोशाखात, सिलिंडर लावून बाहेर तयार उभी ठेवायची. आतल्यांचे काही झाले तर तीच धावणार. ती 'नुसती उभी' असलेली दोन माणसे आपल्याला दिसतात आणि आपण बोट दाखवतो.

आत कोणी जखमी असेल तर?

या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर नाही, आणि द्यायचेही नाही. जिवंत माणूस दिसत असेल, हाक देत असेल, तर अधिकारी धोका पत्करतो. जोडी पोशाख चढवून आत जाते आणि माणसाला फक्त बाहेर ओढून काढते, उपचार बाहेर. पण कोणत्या पोशाखाशिवाय आत जायचेच नाही हे ठरलेले असते, समोर कोणीही असले तरी. प्रशिक्षणात एक कसोटी शिकवतात: वाचवता येईल असा जीव असेल तर हिशेबी धोका घ्या, मालमत्तेसाठी थोडा, आणि जे आधीच गेले आहे त्यासाठी काहीच नाही. हे वाचायला सोपे आहे. आतून हाक येत असताना सूटची चेन पूर्ण लागेपर्यंत थांबणाऱ्या माणसाच्या मनात काय चालत असेल याचा विचार मी अनेकदा करतो.

बाहेर आले की आधी आंघोळ

लाल पट्ट्यातून आलेला जवान थेट पाण्याच्या बाटलीकडे जात नाही. पिवळ्या पट्ट्यात त्याला पोशाखासकट वरून खाली धुतात आणि तोवर मुखवटा काढू देत नाहीत, कारण मुखवटा सुटला की पोशाखावरचे रसायन श्वासात जाऊ शकते. म्हणजे या धुलाईसाठीही सिलिंडरात हवा राखावी लागते. सुतकाच्या घरून आल्यावर आपण उंबरठ्याबाहेर पाणी घेतो, वस्तूंना हात लावत नाही. शिस्त तीच, कारण वेगळे. जखमींनाही रुग्णवाहिकेत घालण्याआधी कपडे काढून धुतले जाते. नाहीतर रुग्णवाहिकेतले आणि इस्पितळातले लोकही बाधित होतात.

गळती थांबली, मग रस्ता बंद का?

दुपारपर्यंत वाहने खोळंबतात आणि राग येतो, तो मला समजतो. पण थांबलेल्या गळतीनंतर टाकीत माल असतोच. तो दुसऱ्या टँकरमध्ये काढून घ्यायला जाणकार पथक लागते. भरलेला टँकर क्रेनने उचलताना पुन्हा फाटू शकतो. वास गेला एवढ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मोजयंत्र घेऊन खड्डे, गटारे, तळघरे तपासली जातात.

आणि मारलेले पाणी कुठे गेले, हे बघायचे असते. अमोनिया शोषलेले पाणी तीव्र अल्कधर्मी असते आणि माशांना फार घातक. आमच्याकडे रस्त्याकडेचा ओहोळ थोड्याच अंतरावर खाजन शेतात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात), मानशीवर (त्या बांधातल्या पाण्याच्या दारावर), खाडीत पोचतो. मातीचा बांध, वाळूच्या पिशव्या, झाकलेली गटारे ही कामे फोटोत येत नाहीत, पण तिसवाड्यापासून सासष्टीपर्यंतच्या मासेमाराचे पोट त्यावर आहे.

आम्हाला आधी का सांगत नाहीत?

हा आक्षेप मात्र पूर्ण रास्त आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये वायू पसरला तेव्हा शेजारच्या वस्तीला काय करायचे ते माहीत नव्हते. त्यानंतर देशात कायदे आले. घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण आणि आयातीसंबंधीच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठा साठा असलेल्या कारखान्याने कुंपणाबाहेरच्या बाधित होऊ शकणाऱ्या लोकांना धोका कोणता आणि तेव्हा काय करायचे हे सांगणे बंधनकारक आहे. कुंपणाबाहेरच्या आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. रासायनिक अपघातांसंबंधीच्या १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमले. ग्रामसभेत पाणी, रस्ता, कचरा यांवर आपण तासन् तास बोलतो. 'आमच्या गावापासून दोन किलोमीटरवर कोणता साठा आहे, भोंगा वाजला तर आम्ही कुठे जायचे, मागची तालीम कधी झाली' हे तीन प्रश्न तिथेच विचारता येतात. विचारायलाच हवेत.

तुमच्या समोर टँकर उलटला तर

जवळ जाऊ नका. वारा अंगावर येत असेल तर आधी आडवे सरका, म्हणजे वाऱ्याच्या वाटेतून बाजूला, मग वाऱ्याच्या पाठीकडे. ढगाच्या पुढे सरळ पळत सुटलात तर तो तुमच्याबरोबरच येतो. गॅसचा वास असेल तर गाडी सुरू करू नका, विजेचे बटण दाबू नका, सखल जागेत थांबू नका.

घरात असाल, बाहेर विषारी वायू असेल आणि बाहेर पडण्याची सूचना नसेल, तर दारे-खिडक्या बंद करा, एसी आणि पंखे बंद करा, फटींना ओली फडकी लावा. अमोनियाचा झोत डोळ्याला किंवा कातडीला लागला असेल तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धूत राहा. चोळू नका, तेल-तूप लावू नका.

आणि फोन करा. ११२ किंवा १०१, माणसाला त्रास होत असेल तर १०८. मोबाइलचा कॅमेरा जवळ न जाता झूम करून फलकावरचा चार आकडी क्रमांक टिपा. जागा, क्रमांक, ढगाचा रंग, वारा कोणत्या वाड्याकडे आहे, टँकर जळतोय की नुसता गळतोय, चालक कुठे आहे, एवढे सांगा. पायलटाला मी हे सगळे सांगितले तेव्हा त्याने लगेच उठून समोरून चाललेल्या टँकरकडे पाहिले आणि मोठ्याने आकडे वाचले, "एक, दोन, शून्य, तीन." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पेट्रोल. फेस लागतो, पाणी नाही."